जतचा पाऊस आणि अनेक बाजूंचे तक्ते

(जत येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. ‘टेन्सर’ आणि ‘टेन्सरांची जाळी’ यांचे गणित करून देणाऱ्या संगणकीय साधनसंचांविषयी मी बोलणार आहे. जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात हा विषय कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. माझे उत्तर असे की, ज्या तालुक्यात पाणी थोडे असते तेथे पाण्याच्या आकड्यांना फार मोल असते. ते आकडे कसे मांडावेत, कसे जोडावेत आणि जोडताना त्यांतून काय हरवते, याचा विचार या शास्त्रात अतिशय काटेकोरपणे झालेला आहे.

सांगली जिल्ह्याचाच विचार करा. पश्चिमेला सह्याद्रीच्या पायथ्याशी शिराळा. तेथे भाताची खाचरे भरून वाहतात. पूर्वेला विजयपूर व बेळगाव जिल्ह्यांच्या सीमेला टेकलेला आपला जत. तो पर्जन्यछायेत येतो. जून-जुलैत ढग डोक्यावरून निघून जातात आणि खरा भरवसा सप्टेंबरच्या परतीच्या पावसावर ठेवावा लागतो. शाळूची पेरणी त्याच ओलीवर होते. आता ‘जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस झाला’ असे वाक्य कोणी लिहिले, तर ते शिराळ्याचेही वर्णन करीत नाही आणि जतचेही नाही. दोन ठिकाणी १० आणि ९० मिलिमीटर पाऊस पडला, तर सरासरी ५० येते. पण ५० मिलिमीटर पाऊस पडलेले गाव त्यांत एकही नसते.

तेव्हा आकडे सरासरीत न विरघळवता जसेच्या तसे ठेवावयाचे म्हटले तर कसे ठेवावेत? एका गावाचा बारा महिन्यांचा पाऊस ही आकड्यांची एक ओळ झाली. शंभर गावांच्या ओळी एकाखाली एक लिहिल्या की तक्ता झाला; त्याला दोन बाजू आहेत, एक गावाची व दुसरी महिन्याची. असे तीस वर्षांचे तीस तक्ते एकावर एक रचले की तिसरी बाजू आली. तीन, चार, पाच, कितीही बाजू असलेल्या अशा आकड्यांच्या रचनेस संगणकशास्त्रात टेन्सर म्हणतात. (पदार्थविज्ञानात या शब्दाचा अर्थ याहून काटेकोर असून आपल्या परिभाषेत त्यास ‘प्रदिश’ हा शब्दही योजला जातो, आजच्या कामापुरता साधा अर्थ पुरेसा आहे.)

अशा दोन रचना एकमेकींस जोडण्याची क्रिया हा या शास्त्राचा गाभा होय. ही क्रिया आपणांस परिचित आहे, कारण तिचे उत्तम उदाहरण सातबाऱ्यात आहे. गाव नमुना सात जमीन कोणाची ते सांगतो, गाव नमुना बारा तीत पीक कोणते ते सांगतो, आणि दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे गट क्रमांक. उदाहरण अगदी सोपे करून घेऊ. पहिल्या गटात दोन खातेदार निम्मे-निम्मे आहेत आणि त्यात २ हेक्टर बाजरी आहे. दुसरा गट एकट्या पहिल्या खातेदाराचा असून त्यात ३ हेक्टर ज्वारी व १ हेक्टर डाळिंब आहे. आता ‘कोणाचे कोणते पीक किती’ हा प्रश्न आला, तर आपण प्रत्येक गटात हिस्सा व क्षेत्र यांचा गुणाकार करतो आणि सर्व गटांची बेरीज घेतो. पहिल्या खातेदाराच्या नावावर १ हेक्टर बाजरी, ३ हेक्टर ज्वारी व १ हेक्टर डाळिंब येते. दुसऱ्याच्या नावावर १ हेक्टर बाजरी. समान बाजूवर गुणाकार करावयाचा आणि त्या बाजूवर बेरीज घ्यावयाची, यालाच टेन्सरांचा संकोच म्हणता येईल. १९१६ साली आइन्स्टाइन यांनी सापेक्षतेच्या सिद्धांतासाठी याच क्रियेचे लेखन सुटसुटीत केले.

या उदाहरणातील एक गोष्ट मात्र नीट पाहण्यासारखी आहे. उत्तराच्या तक्त्यात गट क्रमांक राहिलेला नाही. पहिल्या खातेदाराची १ हेक्टर बाजरी कोणत्या रानात आहे, असे त्या तक्त्याला विचारले तर तो निरुत्तर होतो. ज्या बाजूवर बेरीज घेतली ती बाजू पुसली जाते आणि उत्तराच्या आकड्यांतून ती पुन्हा उभी करता येत नाही. गावावर बेरीज घेतली की गाव पुसले जाते. महिन्यावर घेतली की खंड पुसला जातो. वर्षाचा एकूण पाऊस पुरेसा दिसतो, परंतु तो वळवाच्या दोन झोडप्यांत पडून वाहून गेला की सप्टेंबरात मुरला, हे त्या आकड्यात कोठेही नसते. बेरीज घ्यावीच लागते, त्यावाचून शासन चालणार नाही. पण ती कोणत्या बाजूवर, कोणत्या टप्प्यावर आणि मूळ नोंद जपून ठेवून की फेकून, हे प्रश्न धोरणाचे आहेत आणि ते बहुधा कोणी विचारीत नाही.

आता साधनसंचांकडे येऊ. यास इंग्रजीत लायब्ररी म्हणतात. त्यात पुस्तके नसतात, तर आकडेमोडीच्या तयार रीती असतात. सुताराने प्रत्येक कामासाठी नवा रंधा घडवू नये, तसे संगणकावर काम करणाऱ्याने प्रत्येक वेळी गुणाकाराची रीत नव्याने लिहू नये, म्हणून हे संच. पायथन भाषेतील नमपाय हा संच २००६ साली पहिल्या पूर्ण आवृत्तीत आला व जगभर रूढ झाला. गूगलने २०१५ साली टेन्सरफ्लो खुला केला. अमेरिकेतील पदार्थवैज्ञानिक स्टीव्हन व्हाइट, माइल्स स्टाउडनमायर आणि मॅथ्यू फिशमन यांचा आयटेन्सर हा संच खास टेन्सरांच्या जाळ्यांसाठी आहे. तो प्रथम सी प्लस प्लस भाषेत होता, नंतर ज्युलिया भाषेत नव्याने लिहिला गेला. ही ज्युलिया भाषा २०१२ साली जाहीर झाली आणि तिच्या चार मूळ कर्त्यांत विरल शहा हे भारतीय आहेत. हे सर्व संच विनामूल्य असून शाळेतील साध्या संगणकावरही चालतात.

आयटेन्सरमधील एका कल्पनेचे मला विशेष कौतुक वाटते. जुन्या पद्धतीच्या संचांत टेन्सरच्या बाजू क्रमाने ओळखल्या जातात: पहिली बाजू, दुसरी बाजू. समजा, एका मंडळातील बारा गावांचा बारा महिन्यांचा तक्ता आहे. कोणी चुकून ओळींच्या जागी रकाने आणि रकान्यांच्या जागी ओळी घातल्या, तर संगणक तक्रार करीत नाही. बाराला बारा जुळतात. तो मुकाट्याने गावांना महिने समजून गुणाकार करतो आणि देखणे, नीटनेटके, पण संपूर्णपणे चुकीचे उत्तर हाती देतो. आयटेन्सरमध्ये प्रत्येक बाजूस स्वतःची ओळख असते. गावाची बाजू गावाच्याच बाजूशी जुळते, मग ती कितव्याही क्रमांकावर असो. आपल्या कार्यालयांत पुरवण्या, तक्ते व विवरणपत्रे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात तेव्हा आकडे जातात, पण त्यांच्या बाजूंची ओळख वाटेत गळून पडते. कोणत्या महिन्याचे, कोणत्या मंडळाचे, हेक्टर की एकर, हे पुढे विचारून घ्यावे लागते. यंत्राला जी शिस्त लावली गेली ती आपल्या कागदाला अद्याप लागलेली नाही, हे नमूद केलेच पाहिजे.

गावाची ओळख म्हणजे नुसते नावही नव्हे. आपल्या तालुक्याचेच नाव इंग्रजी कागदपत्रांत शेवटी ‘एच’ लावून आणि न लावून अशा दोन्ही प्रकारे लिहिले जाते. सीमाभागातील गावांची नावे मराठीत एक आणि कानडी वळणाने दुसरी, असेही होते. माणसाला ते एकच गाव आहे हे समजते. यंत्र त्यांना दोन गावे समजते. केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावास सांकेतिक क्रमांक दिलेला आहे. तो प्रत्येक तक्त्याच्या पहिल्या रकान्यात लिहिला, तर पाऊस, पेरणी, विहिरींची पातळी आणि टँकरच्या खेपा हे चार वेगवेगळ्या विभागांचे तक्ते सातबाऱ्याप्रमाणे जोडता येतील.

आपल्या राज्यातील प्रत्यक्ष उदाहरण पुण्याचे आहे. भारतीय हवामान विभागाच्या तेथील शास्त्रज्ञांनी देशातील ६,९५५ पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदी गोळा करून १९०१ सालापासूनच्या दैनंदिन पावसाचा एक प्रचंड टेन्सर तयार केला आणि २०१४ साली ‘मौसम’ या नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यात देशावर पाव अंशाच्या चौकटी आखलेल्या आहेत: पूर्व-पश्चिम १३५, दक्षिणोत्तर १२९. म्हणजे एका दिवसाचे १७,४१५ आकडे आणि एका वर्षाचे ६३,५६,४७५. हे काम मोलाचे आहे. सर्व केंद्रे सर्व वर्षे चालू नव्हती. त्या तुटक नोंदींतून शतकाहून अधिक काळाचे सलग चित्र उभे राहिले.

पण जतच्या दृष्टीने त्याकडे पाहू. आपल्या अक्षांशावर पाव अंशाची चौकट सुमारे २७ किलोमीटर लांब व तितकीच रुंद असते. तिचे क्षेत्र सातशे चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. जत तालुका राज्यातील मोठ्या तालुक्यांपैकी, दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्राचा. म्हणजे शंभराहून अधिक गावांच्या या तालुक्याच्या वाट्याला क्षेत्राच्या हिशेबाने जेमतेम तीन चौकटी येतात. उमदी, संख, माडग्याळ, बिळूर यांचे पाऊस वेगवेगळे असतात हे येथील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. त्या टेन्सरला मात्र ते पुरते दिसू शकत नाही.

यापुढची पावले अलीकडे पडली आहेत. राज्यात २०१७ पासून महावेध प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने ग्रामपंचायत स्तरावरील हवामान अंदाजाची योजना सुरू केली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०२४ साली ‘अर्क’ हा महासंगणक बसविण्यात आला आणि मे २०२५ मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी घडविलेली, सहा किलोमीटरांच्या चौकटीवर अंदाज देणारी भारत फोरकास्ट प्रणाली कार्यान्वित झाली. पूर्वीची चौकट बारा किलोमीटरांची होती. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटींची संख्या चौपट होते. उंचीचे थर आणि वेळेचे टप्पे धरले तर आकडेमोड त्याहूनही वाढते. महासंगणक लागतो तो यासाठी.

येथे टेन्सरांच्या जाळ्यांचा प्रश्न उपस्थित होतो, कारण बाजू वाढल्या की आकडे अक्षरशः फुटतात. पदार्थविज्ञानातले उदाहरण घेऊ. ५० सूक्ष्म कण आहेत आणि प्रत्येकाच्या दोनच अवस्था आहेत. त्या सर्वांचे एकत्रित वर्णन करावयास पन्नास बाजूंचा टेन्सर लागतो आणि त्यात सुमारे १,१२६ लाख कोटी आकडे असतात. कण एकाने वाढला की आकडे दुप्पट. कोणताही महासंगणक या वाढीपुढे फार काळ टिकत नाही. परंतु निसर्गात हे आकडे मनमानी नसतात. शेजारचे कण एकमेकांशी बांधलेले असतात, दूरच्यांचा संबंध पुष्कळदा क्षीण असतो. म्हणून त्या अजस्र टेन्सरच्या जागी पन्नास छोट्या टेन्सरांची साखळी वापरता येते, प्रत्येक कडी शेजारच्या कडीत अडकवलेली. जोडाची रुंदी २० धरली तर ५० × २ × २० × २० म्हणजे ४०,००० आकड्यांत काम भागते. स्टीव्हन व्हाइट यांनी १९९२ साली याच विचारातून एक प्रभावी गणनपद्धती दिली. रशियन गणिती इव्हान ओसेलेडेट्स यांनी २०११ साली त्या साखळीला ‘टेन्सरांची आगगाडी’ हे समर्पक नाव देऊन ती सर्वसाधारण गणितात आणली.

हीच युक्ती पावसास लावून पाहू. शंभर गावे, बारा महिने, तीस वर्षे: एकूण ३६,००० आकडे. पण जतच्या पावसाच्या तऱ्हा थोड्याच आहेत. एक वळवाची, दुसरी नैर्ऋत्य मोसमी पावसाची, तिसरी परतीच्या पावसाची. प्रत्येक तऱ्हेसाठी कोणत्या गावी ती किती, कोणत्या महिन्यात किती आणि कोणत्या वर्षी किती, एवढे तीन रकाने लिहिले तर १००, १२ व ३० मिळून १४२ आकडे होतात. तीन तऱ्हांचे ४२६. छत्तीस हजारांच्या जागी चारशे सव्वीस! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केलेल्या संगणकाच्या स्मृतीत २,०४८ आकड्यांची जागा होती. त्यात मूळ तक्ता मावला नसता, हा संक्षेप सहज मावला असता. टेन्सर अशा तुकड्यांत मांडण्याची कल्पना १९२७ सालची, हिचकॉक यांची आहे.

संक्षेप किती विश्वसनीय, हे हे संच आकड्यात सांगतात. मूळ व संक्षिप्त यांतील फरकांचे वर्ग घेऊन त्यांची बेरीज केली, ती मूळ आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेच्या एक टक्का भरली, की काम उत्तम झाले असे मानण्याचा प्रघात आहे. आणि नेमके येथेच मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. आमच्या तक्त्यात एका गावाचे एक वर्ष म्हणजे बारा आकडे; संपूर्ण तक्त्याचा तीन हजारावा भाग. सर्व आकडे साधारण सारख्या आकाराचे धरले, तर एका गावाचे संपूर्ण वर्ष पुसून शून्य केले तरी चूक एक टक्क्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकीच होते. अशी तीस गावे-वर्षे पुसली जाईपर्यंत यंत्र ‘उत्तम’ असेच म्हणत राहील. आणि दुष्काळी वर्षाचे आकडे तर मुळातच लहान असतात. त्यांत झालेली चूक वर्गांच्या बेरजेत आणखी कमी दिसते. ज्या गावावरून ढग कोरडे गेले, ज्याच्या शेजारी पाऊस झाला पण ज्याच्यात झाला नाही, ते गाव तऱ्हेत बसत नाही. ते उरलेल्या भागात जाते आणि उरलेला भाग टाकून दिला जातो.

हा दोष गणिताचा नाही. गणिताने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर दिलेले असते. कमीत कमी एकूण चूक हा प्रश्न आपण विचारलेला असतो. भौतिकीच्या प्रयोगशाळेत तो प्रश्न योग्य आहे. पीक विमा, टंचाई निवारण आणि टँकर यांच्या बाबतीत तो अपुरा आहे. पैसेवारी गावनिहाय काढण्याची आपली परंपरा आहे, नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तिच्या पायऱ्या आहेत. तिच्यावर टीका पुष्कळ होते, पण गाव ही बाजू पुसावयाची नाही हे तत्त्व तिच्यात आहे आणि ते सोडू नये असे माझे मत आहे. संक्षेप वापरावा, मात्र संक्षेप वापरणाऱ्याने उरलेल्या भागाचा तक्ताही टेबलावर ठेवावा आणि त्यातील सर्वांत मोठे दहा आकडे कोणत्या गावांचे आहेत ते प्रथम वाचावे. साधनसंचात त्यासाठी दोन-तीन ओळींचा आदेश पुरतो. तालुक्याच्या बैठकीत त्या दहा गावांच्या सरपंचांना बोलते करावे. तक्त्यात न बसलेले गाव एक तर नोंदीची चूक असते, नाही तर खरे संकट असते, आणि यांतले कोणते ते तेथे राहणाराच सांगू शकतो.

नोंदीच्या चुकीचा विषय निघाला म्हणून ‘निरंक’ या आपल्या लाडक्या शब्दाविषयी बोलतो. पाऊस पडला नाही, निरंक. पर्जन्यमापक नादुरुस्त होता, निरंक. कर्मचारी रजेवर होता, तरीही निरंक. या तीन गोष्टी तक्त्यात एकच शून्य होऊन बसतात. पुण्याच्या ज्या टेन्सरचा उल्लेख केला, त्यात जेथे आकडा नाही तेथे वजा ९९९ लिहिलेले असते. वजा पाऊस असू शकत नाही, त्यामुळे वाचणाऱ्यास थांबावेच लागते. न थांबता कोणी बेरीज घेतलीच तर उत्तर इतके विचित्र येते की चूक उघडी पडते. खोटे शून्य मात्र कधीच उघडे पडत नाही. ते सरासरीत मिसळते, संक्षेपात मिसळते आणि पुढे पन्नास वर्षे ‘त्या वर्षी येथे पाऊस नव्हता’ असे सांगत राहते. नोंद नसेल तेथे ‘नोंद नाही’ असेच लिहावे. त्यासाठी कोणास कारणे दाखवा नोटीस देऊ नये, अन्यथा उद्यापासून पुन्हा निरंक सुरू होईल.

शिक्षक मित्रांना एक सूचना करून थांबतो. शाळेच्या मोकळ्या आवारात, झाड व भिंत यांपासून दूर, एक साधा पर्जन्यमापक बसवावा. माप रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावे. देशभर हीच वेळ आहे. त्या वेळी मोजलेला पाऊस मागील चोवीस तासांचा असतो आणि तो मोजल्याच्या तारखेस लिहावयाचा असतो. १५ सप्टेंबरच्या रात्री दहा वाजता सर कोसळली तर ती १६ तारखेच्या ओळीत जाते. ही बाब एका शाळेने एक प्रकारे व दुसरीने दुसऱ्या प्रकारे केली, तर दोन्ही शाळांचे आकडे खरे असूनही त्यांचा तक्ता जुळणार नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी, हा हिशेब सातवीच्या मुलांकडून करून घ्यावा. वहीत रकाने पाच असावेत: गावाचा सांकेतिक क्रमांक, तारीख, वेळ, मिलिमीटर आणि शेरा. पाचवा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण आखलेला असावा. मापक उलटला होता, मापकात पाला साचला होता, सुट्टी होती, हे तेथे लिहावयाचे आहे.